आई सूरजकडे, बाबा किरणकडे

बयाबाईला घर सोडायचं नव्हतं, असं कुणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. घर सोडायचं हे आधी तिनंच ठरवलं. आंबेनळीच्या वरच्या अंगाला तिची वाडी, गाडीरस्ता पार खाली. गेल्या थंडीत तिचा नवरा भागोजी गोठ्यापाशी पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. अशा वेळी बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि आजाऱ्याला खाली उतरवायचं, ही वाडीची रीत. डोलीला माणसं बोलवावी लागत नाहीत. हाक ऐकली की हातातलं टाकून यायचं.

बयाबाईनं हाक मारली. आले ते गोमाजी आणि रावजी, दोघंही भागोजीच्याच वयाचे. बाकीच्या घरांना कुलपं. तिसरा खांदा बयाबाईचा स्वतःचा, चौथा एका म्हातारीचा. वळणावळणावर डोली टेकवायची, धापा टाकायच्या, पुन्हा उचलायची. "ठेवा मला हितंच," भागोजी विव्हळत म्हणत होता. रस्ता लागेपर्यंत तिचं ठरलं होतं. माणूस पडला तर जिथं चार खांदे मिळत नाहीत, तिथं म्हातारपण काढायचं नाही.

भागोजी काठीवर चालायला लागला तशी तिनं दोन्ही पोरांना बोलावून घेतलं. थोरला सूरज महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा, धाकटा किरण दासगावात टेम्पो चालवणारा. "आमी दोगं खाली येतो. कुटं ऱ्हायचं ते बगू," ती म्हणाली. पोरं अंगणात गेली, कुजबुजली, आत आली. चहा निवायच्या आत आई-बापांचा निकाल लागला होता.

"आये, तू माझ्याकडं. बाबा किरणकडं," सूरज म्हणाला.

तिला आधी थट्टाच वाटली. मग किरणनं समजावून सांगितलं. सूरजच्या बायकोला कामावर जायचंय, पोराला सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला आई हवी. आणि बाबांचं काय, त्यांना एक खाट टाकली की झालं. "दोगांना एकत्र कुनाकडंच अ‍ॅडजस्ट होनार नाय गो. आनि लांब काय हाय? सनासुदीला भेटशाल की."

सणासुदीला! जन्मभर एका चुलीपाशी जेवलेल्या नवऱ्याला तिनं सणासुदीला भेटायचं. बयाबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

"गेल्या साली बैल इकले," ती म्हणाली. "त्यो येपारी एकच मागत होता. तवा कोन म्हनालं, जोडी फोडायची नाय, पाप लागतं?"

सूरजच म्हणाला होता. आता मात्र तो मोबाइलमध्ये बघत बसला. आणि भागोजी? ज्याला मोडक्या मांडीसकट तिनं डोंगरावरून उतरवलं, तो खाटेवरून म्हणाला, "पोरं म्हनतात तसं करू." पोरांपेक्षा तिला त्याचाच संताप आला. त्या रात्री तिनं त्याच्यापुढं ताट आदळलं.

मग तिनं पदर खोचला. ती आधी सूरजची खोली बघून आली. तिसरा मजला, खिडकी उघडली की नाकाला झोंबणारा वास, आणि सगळा मजला पाळीवर गेलेला. किरणकडे दासगावात शेजार चांगला होता, पण पावसाळ्यात सावित्री फुगली की लोक सामान माळ्यावर चढवतात. लंगडा माणूस माळ्यावर कोण चढवणार? तिसऱ्या खेपेला ती पोलादपुरात उतरली. तिथं वाडीतल्याच मुरारीनं घरामागं भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. तळमजला, दवाखाना चालत जाण्याजोगा. मुरारीला वाटलं, काकी पाण्याचं विचारेल. काकीनं विचारलं, "दिवसा हितं कोन कोन बापय मानसं असतात?"

"मी असतो. माझा भाऊ. बाजूला दत्ताराम, समोर चक्कीवाला. का गो काकी?"

तिनं बोटांवर मोजलं आणि खोली घेतली. शेळ्या विकून अनामत भरली. घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

न्यायच्या दिवशी किरणचा टेम्पो आणि सूरजनं ठरवलेली जीप, दोन्ही गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. भागोजीला पोरांनी आणि गोमाजी-रावजीनं डोलीतून खाली आणलं. बयाबाईनं दोघांचं सामान एकाच टेम्पोत चढवलं आणि म्हणाली, "पोलादपुरात चल. मुरारीकडं खोली घेतलीया."

सूरजचा चेहरा उतरला. "आये, लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, दोन कमावती पोरं असून आई-बाप भाड्यानं ऱ्हातात. खरंच हाय की. म्हनू देत."

किरणनं गाडी सुरू केली. तासाभरात खाट लागली, चूल पेटली, दत्तारामची बायको कालवण देऊन गेली. पोरं गेली. तेव्हा कुठं भागोजीनं तोंड उघडलं.

"सूरजकडं घरात नळ हाय गो. जल्मभर तू डोईवर पानी वाह्यलंस. म्हटलं, हिला तरी सुख लागंल. म्हनून हो म्हनालो."

पोरांचा आला नव्हता एवढा राग बयाबाईला आता आला. पोरांनी निदान आपली सोय बघितली होती. ह्या माणसानं तिची सोय बघितली, त्यापायी स्वतः एकटं पडायची तयारी केली, आणि तिला साधं विचारलंसुद्धा नाही.

"अवो, मला नळ पायजे का तुमी, ह्ये मलाच इचारायचं होतं की," ती म्हणाली.