गाभ्यावरचं कुंकू

सरुबाई पोहेवालीचा कुणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ती कुणापासून लपवतही नसे. कसबा पेठेत पोहे कांडून विकणारी ही बाई कुंभाराकडे गेली की मडकं आधी बोटाने वाजवी, मग कानाला लावी, मग उन्हाकडे धरून आत डोळा घाली आणि शेवटी म्हणे, "दुसरं दाखव." दुसरंही तस्संच असे. मग ती पहिलंच घेई. दूधवाल्याच्या मापात हात घालून बुडाला पोचा नाही ना, हे चाचपून बघे. देवळातल्या गुरवाला तिने एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "यंदा खोबरंच पातळ झालंय, की तुमच्या सुरीला धार आलीय?"

पानिपताला तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. सरुबाईचा नवरा पागेबरोबर मोहिमेवर होता, आणि लोक म्हणत, सुखी आहे बिचारा.

पण एका गोष्टीत तिच्या संशयाला कुणी हसत नसे. तिची लेक चिमा, हिचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं. पाळणा बाजारातून आणलेला. लाकूड कुठलं, कुणाच्या दारचं, कुणास ठाऊक. ते सरुबाईच्या मनात रुतून बसलं. आता चिमा माहेरी पुन्हा बाळंत झाली होती, बाळ ठणठणीत होतं, बारसं उद्यावर आलं होतं, आणि सरुबाईने ठरवलं होतं की परक्या लाकडाखाली हे मूल निजणार नाही. वाघोलीला तिच्या बापाच्या विहिरीवरचा शिसव वादळात पडला, तेव्हा त्यातला एक ओंडका तिने मागून घेतला. गाडीतून आणताना सबंध वाट ती त्याच्यावर बसून आली. गाडीवान म्हणाला, "आत्याबाई, त्याला पाय न्हाईत, पळायचा न्हाई तो." सरुबाई म्हणाली, "तुला आहेत ना?"

पाळण्याची बाकीची फळकुटं सुताराने घरच्याच जुन्या फळ्यांतून जमवून दिली होती. ज्या दांडीला पाळणा टांगायचा ती मात्र कातून गोल हवी, म्हणून ओंडका अल्लाबक्ष खराद्याकडे गेला. तांबटांच्या ठोक्याठोक्यांतून पलीकडे गेलं की त्याची ओसरी. खराद म्हणजे काय, तर समोरासमोर दोन लोखंडी टोकं, त्यांच्यात लाकूड धरायचं, लाकडाला कमानीची दोरी गुंडाळायची, एका हाताने कमान ओढून लाकूड फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने त्याला पटाशी लावायची. खर्रर्र-घुं, खर्रर्र-घुं.

लाकूड बदलू नये म्हणून सरुबाईने घरीच एक युक्ती केली होती. ओंडक्याच्या कापल्या तोंडावर जिथे गाभ्याचा काळा ठिपका दिसतो, त्या ठिपक्यावर अंगठ्याने कुंकू दाबून ठेवलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. बाहेरून कितीही सोलला तरी गाभा मधला. तो शेवटपर्यंत राहणार, आणि कुंकूही.

"इथेच बसणार?" अल्लाबक्षने विचारलं.

"बसू नको?"

"बसा. ओसरी मोठी आहे."

"आणि हे पोतं खाली पसरते. ढलप्या माझ्या."

"ढलप्या तुमच्या," अल्लाबक्ष म्हणाला. "धूळ हवी का? बांधून देतो."

त्याने ओंडका मांडीशी घेतला. बोट काठाला टेकवलं, त्या बोटाच्या मापाने कोळशाची एक रेघ तोंडावर ओढली. ओंडका फिरवला, दुसरी रेघ. मग तिसरी, चौथी. चार रेघांच्या मध्ये एक इवलासा चौकोन उरला. तिथे त्याने खिळ्याने खूण केली. कुंकू तिथून चांगलं तीन बोटं लांब, एका कडेला.

सरुबाईच्या भुवया वर गेल्या. "मध्य तिकडे आहे."

"कुठे?"

"तो काय, गाभा."

"तो झाडाचा. विहिरीवर वाकून वाढलं असेल झाड, गाभा सरकलाय. मला दांडीचा मध्य पाहिजे."

"म्हणजे एकाच लाकडाला दोन मध्य?"

"बाई, पोहे तुम्ही कांडता तेव्हा मी येऊन बसतो का?"

सरुबाईने पोतं आणखी जवळ ओढलं. अल्लाबक्षने वाकस उचलली आणि ओंडक्याचा जास्तीचा भाग तासायला घेतला. पहिल्या दोनचार ढलप्या पोत्यात पडल्या तोच बोळाच्या तोंडाशी हाळी आली, "दूऽऽध."

आता मात्र सरुबाईची पंचाईत झाली. इकडे खरादी, तिकडे दूधवाला, आणि डोळे दोनच. चिमा बाळंतिणीच्या खोलीत, माप कोण बघणार? सरुबाई उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली आणि पदर खोचून पळाली. मापाला हात लावला, दूध घेतलं, घरात ठेवलं, धापा टाकत परत आली.

ओंडका बराच बारीक होऊन खरादावर चढला होता. तिने वाकून तोंड पाहिलं. कोळशाच्या रेघा होत्या. कुंकू नव्हतं.

"माझं लाकूड कुठाय?"

"हे काय."

"हे माझं नव्हे. माझ्यावर खूण होती."

"खूण होती तर सांगायचं."

"सांगितली तर ती खूण कसली? कोळशाच्या रेघा काय, कुठल्याही लाकडावर ओढता येतात."

तिचा आवाज चढला तसे तांबटांचे हातोडे एकेक करून थांबले. कसब्यात हातोडे थांबले की माणसं बाहेर येतात. सरुबाईने सगळ्यांना सांगितलं की अल्लाबक्षने शिसव बदलला आणि ती कोतवालाच्या चावडीवर जाणार आहे. अल्लाबक्षने कमानीची दोरी सोडली. अर्धवट दांडी पोत्यावर ठेवली.

"माझ्या बापानेही याच ओसरीवर खराद चालवला," तो म्हणाला. "घेऊन जा. चावडीवर दाखवा, नाहीतर चुलीत घाला."

सरुबाई चावडीवर गेली नाही, कारण उद्या बारसं. ती गेली बुधवार पेठेत, श्यामसुंदर कातारी या दुसऱ्या खराद्याकडे. त्याने दांडी हातात घेतली, दोन्ही टोकांची भोकं बघितली आणि परत दिली. "दुसऱ्याने मध्य धरलेलं लाकूड आम्ही खरादावर चढवत नाही. ज्याने धरला त्यानेच उतरवायचं."

"आणि हे लाकूडच माझं नसलं तर?"

"मग तर मुळीच नाही."

घरी येऊन तिने दांडी कोपऱ्यात उभी केली. पाळण्याजवळ नेऊ दिली नाही. चिमाने विचारलं, "आई, मग उद्या पाळणा टांगायचा कशावर?" सरुबाईने पोतं ओढून घेतलं. चुलीपुढे बसली आणि पोत्यातल्या ढलप्या एकेक करून आत सारू लागली. चौथी की पाचवी ढलपी हातात आली, जाडजूड, आणि तिचं टोक लाल.

तिने ती मागे ओढली. फुंकली. उजेडाकडे धरली. काळा ठिपका, त्यावर कुंकू, त्यात तिच्या अंगठ्याच्या रेषासुद्धा. वाकसेच्या घावाखाली गाभ्याकडची कड अख्खी निघाली होती आणि तिच्याच पोत्यात पडली होती. तरीही तिने आपला अंगठा त्यावर टेकवून पाहिला. बसला.

सकाळी ती ओसरीवर गेली. ढलपी अल्लाबक्षपुढे ठेवली. त्याने पाहिली, उचलली नाही.

"पोत्यातली म्हणजे तुमची," तो म्हणाला.

"काल मी जरा मोठ्याने बोलले."

"पेठेने ऐकलं."

सरुबाई वळली. रस्त्याकडे तोंड केलं आणि कालच्याच पट्टीत बोलायला लागली. "ऐका हो. लाकूड माझंच आहे. मियाँनी काडी बदलली नाही. खूण मीच चुकीच्या जागी केली." हातोडे पुन्हा थांबले. एक तांबट म्हणाला, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं." तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं तेव्हा अल्लाबक्षच म्हणाला, "पुरे, दांडी आणा."

त्याने ती कालच्याच भोकांवर चढवली, दोरी गुंडाळली. खर्रर्र-घुं. सरुबाई पोतं पसरून बसली. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी हाळी आली, "दूऽऽध."

सरुबाईने खरादाकडे पाहिलं, मग बोळाकडे. "तुम्ही चालू ठेवा," ती म्हणाली आणि उठून गेली. वळणावर मागे बघितलं. एकदाच.

परत आली तेव्हा दांडी तयार होती, काळीभोर, गुळगुळीत. तिने ती बोटाने वाजवली. कानाला लावली. उन्हाकडे धरून एक डोळा मिटला.

"दुसरी दाखवू?" अल्लाबक्षने विचारलं.