हरळी लावायची नोकरी

माजिवड्याच्या अलीकडे एका गिरणीमालकाचं गोल्फचं मैदान होतं. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले, आपले साहेब आले. गवताचे लाड तेच राहिले. मी तिथला माळी. गवत कसलं, तर हरळी. पाहुण्यांच्या बुटांखाली ती विरळ व्हायची, जमिनीला टकलं पडायची, आणि ती भरता भरता माझी कंबर जायची. दुसरीकडून मुळ्या खणून आणायच्या, बोटाएवढे तुकडे करायचे, ओळीनं खोचायचे, वर पोयट्याची माती पसरून पायानं दाबायची.

आई गेली त्या वर्षी वडिलांना, आबांना, गावाहून आणलं. शेत भावकीनं कसायला घेतलेलं, घरात दिवा लावायला कुणी नाही. ते कायमचे इथं राहावेत, एवढीच माझी इच्छा होती. पण त्यांचं मन लागेना. खोलीच्या दारात बसून राहायचे, बसून खाणं माणसाचं काम नव्हे म्हणायचे. रोज गावाचा विषय निघायचा आणि रोज मी तो कसाबसा टाळायचो.

श्रावणातल्या एका दुपारी जेवून मैदानावर आलो, तर मधलं मोठं टक्कल पुन्हा उघडं. खपून खपून लावलेली, नुकते कोंब धरलेली हरळी आबांनी खुरप्यानं मुळासकट काढून काठाला उन्हात पसरली होती. घाटावरच्या शेतकऱ्याची ती जन्माची वैरीण; एक मुळी राहिली तरी रान खाते. आबा घामानं निथळत होते, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता.

"तुजं कंबरडं बघवंना," ते म्हणाले. "म्हनलं, एवढं रान साफ करून द्यावं."

मला राग आला नाही. रागवायलाही अंगात जीव लागतो. खाली बसलो आणि त्यांनी उपटलेली हरळी पुन्हा खोचू लागलो. ते बघत राहिले. मग हळूच विचारलं, ह्याचा पगार देतात का? मी हो म्हणालो. तेव्हा तेही शेजारी बसून लावू लागले. पण एक मुळी खोचायचे, आणि पुढची घेता घेता त्यांची बोटं मागची ओढून काढायची. त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते थांबले.

"हात ऐकत न्हाईत, पोरा," ते म्हणाले. "मला गावाला पोचीव."

मी थांबा म्हटलं, पुन्हा म्हटलं. त्यांनी हातातली हरळी माझ्या ओंजळीत ठेवली आणि हात धुवायला उठले.