पाखरांच्या वाट्याचं झाड

पाहुण्याला जेवल्याशिवाय उठू न देणारी माणसं आपल्या वऱ्हाडात घरोघर सापडतील. पण हाच आग्रह पोपटाला, खारीला आणि कुंपण मोडून येणाऱ्या रानडुकरालाही करणारा गृहस्थ उभ्या अमरावती जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. तुम्ही त्यांना फोनवर पाहिलं आहे, पण फोन कसा धरावा हे त्यांना अजून जमलेलं नसल्यामुळे तुम्हाला त्यांचं फक्त कपाळ माहीत आहे. म्हणून तुम्हा नातवंडांसाठी कपाळाखालचा माणूस लिहून ठेवते.

वलगावच्या पुढे त्यांची संत्र्याची बाग आहे. विषारी फवारणी त्यांनी केव्हाच सोडली. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून केलेल्या जीवामृताचं पिंप दारातच असतं, आणि आलेल्या माणसाला चहाच्या आधी त्याचा वास घ्यावा लागतो. "घ्या वयनी, घ्या. आज जमलं पाहा!" म्हणत ते झाकण उघडतात, तेव्हा लग्नात अत्तर लावणाऱ्याच्या चेहऱ्यावरही नसेल असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं. रुमाल नेमका कशासाठी असतो, हे मला त्यांच्या दारात कळलं. बागेत प्रत्येकाचा वाटा ठरलेला. बांधावरची झाडं वाटसरूंची, नाल्याकडची रानडुकरांची. मुंगसाचं बीळ मधे आलं तर ट्रॅक्टर वळसा घेतो. एकदा भारद्वाजाने कुंपणाच्या झुडपात अंडी घातली, तर "घरात बाळंतीण हाय" म्हणून भाऊजी त्या बाजूला चपला काढून चालायचे.

सफरचंदाचं वेड मात्र माझ्यामुळे लागलं. मी शाळेतून निवृत्त झाले त्या समारंभात ते पहिल्या रांगेत होते. परत येताना म्हणाले, "वयनी, जनमभर पोराइले ए फॉर ॲपल शिकोलं, अन् एकाही पोराले झाड नाई दाखोलं!" पुढच्याच थंडीत त्यांनी उष्ण भागात येतात म्हणे अशी सफरचंदाची पाच रोपं आणून लावली, आणि लावतानाच वाटे करून टाकले. एक पाखरांचं, एक वाटसरूंचं, एक माझं, एक माझ्या जावेचं, आणि विहिरीजवळचं शेवटचं दूरदेशी असलेल्या पोरांचं, म्हणजे तुमचं. माझी जाऊ कपाळावर हात मारून म्हणाली, "अजून पान नाई फुटलं, अन् वाटण्या होऊन राहिल्या!"

संत्र्याला बहार यावा म्हणून आपल्याकडे काही दिवस पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. भाऊजींनी सफरचंदालाही भर वैशाखात ताण दिला. रोपांचे खराटे झाले. जावेने घागरी ओतून ते कसेबसे जगवले. मग कोणीतरी सांगितलं की या झाडाला थंडी लागते. झालं! डिसेंबरात बुंध्याशी बर्फाच्या लाद्या आल्या. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा ते स्वतः स्वेटर आणि माकडटोपी घालून त्या झाडांपुढे येरझारा घालू लागले. अंगाला घामाच्या धारा, आणि विचारलं तर म्हणत, "झाडाले वाटलं पायजे ना वयनी, का थंडी हाय!" शेवटी योग्य उपाय कळला: हिवाळ्यात झाडाची पानं हाताने काढायची. तेव्हापासून दर थंडीत ते एकेक पान खुडतात आणि प्रत्येक झाडाची आधी माफी मागतात.

असं करत वर्षं गेली, फळ काही येईना. गेल्याच्या गेल्या थंडीत जावेचा धीर सुटला. माझ्यासमोरच ती म्हणाली, "यंदा मिरगापर्यंत झाडावर एक पिकलं फय दाखवा. नाई तर पाचही झाडं उपटून तिथं लिंबं लावीन." भाऊजी "मंजूर" म्हणाले खरे, पण म्हणताना त्यांचा हात जवळच्या खोडावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

माघात संत्री घमघमू लागली आणि सफरचंदाच्या एकाच झाडावर गुलाबी-पांढरी फुलं आली. मधमाश्या आल्या, मागोमाग फळंही धरली. पण ते झाड नेमकं पाखरांच्या वाट्याचं! वैशाखाच्या उन्हात आपल्याकडे डाळिंबांवर जुन्या साड्या बांधतात. मी माझ्या सुती साड्या धुऊन, इस्त्री करून नेल्या. त्यांनी त्या चार बिनफळांच्या झाडांवर बांधल्या आणि फळांचं झाड उघडंच ठेवलं.

"भाऊजी, अहो फळं तर या झाडावर आहेत!"

"वयनी, पाहुण्याच्या ताटावर झाकण ठेवते का कोणी?"

पाहुण्यांना आमंत्रण पोचलं. पोपटांचे थवेच्या थवे आले. भाऊजी ओट्यावर बसून "खा बाप्पा, तुमचंच हाय" म्हणत, पण आवाज रोज थोडा खाली येत होता. मग एकाएकी फळं कमी होणं जवळपास थांबलं. भाऊजींना कारण लगेच सापडलं. "पाखराइलेही समजते, वयनी. पुरवून खाऊन राहिले."

एकदा मी नेहमीची बस सोडून आधीची घेतली आणि भर दुपारी बागेत पोचले. भाऊजी आत झोपले होते. झाडाखाली, डोक्यावर ओला पदर घेऊन माझी जाऊ बसली होती आणि पळीने ताट बडवत होती. "हट मेल्या! तुह्या घरी काई हाय का नाई खायले?"

मला पाहून ताट मांडीखाली गेलं. "ताई, माही शपथ हाय, त्यायले सांगू नका."

"अगं, मग तुझी लिंबं?"

"लिंबं कुठं पळून जाते?" ती वर फांद्यांकडे पाहत म्हणाली. "झाडंच गेली, तर हा मानूस ते माकडटोपी घालून कोणासाठी फिरन?"

मृगाच्या आदल्या दिवशी झाडावर एकच फळ उरलं होतं, लालसर, एका गालावर चोचीची खूण असलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ते पाहायला निघालो, आणि आम्ही विहिरीपाशी असतानाच वावटळ उठली. झाडाजवळ पोचलो तर फळ मातीत पडलेलं. भाऊजी तिथेच उभे राहिले. माकडटोपी नव्हती, तरी त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "पडलं. झाडावर दाखवाचं होतं. हारलो मी. लाव लिंबं."

जावेने ते उचललं, पदराला पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "देठ ओला हाय," ती म्हणाली. "झाडावरच होतं म्हनाचं."

चोचीकडचा गाल त्यांनी आधी कापून फांदीच्या बेचक्यात ठेवला. उरलेल्याच्या आम्ही फोडी केल्या. जाऊ म्हणाली, "आंबट हाय," आणि हात पुढे करून दुसरी फोड घेतली. लिंबं मागच्या कुंपणाला लागली.

यंदा विहिरीजवळच्या तुमच्या झाडावर पहिल्यांदा कळ्या आल्या, आणि आता आवळ्याएवढी फळं धरली आहेत. ऊन कडक आहे म्हणून मी माझी सगळ्यात मऊ साडी घेऊन गेले. हे पाखरांचं ताट नव्हे, तेव्हा हरकत नसावी असं मला वाटलं. त्यांनी साडी हातात घेतली, झाडाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि साडी मला परत दिली.

"नको वयनी. पोरं इमानातून आली, अन् वरून झाड दिसलंच नाई तर?"

मी त्यांना भूगोल समजावून सांगायला हवा होता. पण मी साडीची घडी केली. तेव्हापासून बागेवरून विमान गेलं की आम्ही दोघंही मान वर करतो.