आडवी केलेली मोटरसायकल

कळव्याच्या कट्ट्यावर मी वर्षभर सांगत आलो, की खाडीकडच्या मैदानात पडलेल्या एका बाईची मोटरसायकल मी उचलून दिली. खरं काय झालं ते आता लिहितो.

बाई पन्नाशीची, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. गाडी नवी, उंच, जाड खाचांच्या टायरांची, डोंगरात चालवायची. बाई ती गाडी मातीत हळूच आडवी करायची आणि तिच्याभोवती फिरून बघत राहायची. असं का, ते मला कळेना. एकदा न राहवून मी धावत गेलो आणि हँडल धरून गाडी अर्धी उचललीच.

"काका, सोडा हो! आता परत पाडावी लागेल."

"म्हणजे?"

"एकटीला उचलता आली, तरच बाइकच्या ग्रुपवाले मलंगगडाकडे नेणारेत. घरी मुलं हसतात. म्हणतात, आई, तू आपली डबे भर."

तिने गाडी पुन्हा आडवी केली. मग पाठमोरी होऊन सीटला कंबर टेकवली आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत गाडी उभी केली. मला वाटलं, झालं.

तिने कपाळ पुसलं आणि गाडी दुसऱ्या अंगावर निजवली. "आता ही बाजू."

मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. माझी मदत ती एवढीच.