संवर्धनाच्या खणात म्हशी

हडपसरच्या कारखान्यातून बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा कुणाची होती, हे घरात कुणी विचारलं नाही. कर्वेनगरच्या घरात ते नुसते बसून राहायचे. कंपनीच्या बसची वेळ झाली की गॅलरीत जायचे, बस गेली की आत यायचे. त्यांचा डबा स्वयंपाकघराच्या फळीवर पालथा होता. तो माळ्यावर टाकायचा आईला धीर होईना.

मी तेव्हा जुन्या वास्तूंचं संवर्धन शिकत होते. पेठांमधल्या दगडी हौदांवर प्रबंध लिहायचा होता. वर्गातले सगळे इंटरनेट कॅफेत जाऊन बसायचे, पण आमच्या हौदांबद्दल त्या कॉम्प्युटरला ओ की ठो माहीत नव्हतं. म्हणून शनिवार पेठेतलं एक जुनं ग्रंथालय गाठायचं ठरवलं. "मला एकटीला जमायचं नाही," असं सांगून बाबांना सोबत ओढलं. खोटंच होतं ते. त्यांचं गॅलरीतलं उभं राहणं मला बघवत नव्हतं.

तिथे विषयवार कार्डांचे लाकडी खण होते. मी ऐटीत 'संवर्धन' लिहिलेला खण ओढला. आत गाई, कोंबड्या, मासे.

बाबांनी एक कार्ड डोळ्यांशी धरलं. "हे म्हशींचं आहे. घ्यायचं का? हौदावर त्याही येत असतील."

आणि ते हसले. कितीतरी महिन्यांनी. मला इतकं बरं वाटलं की हौद क्षणभर विसरलेच.

"हसायला सारसबाग आहे," ग्रंथपालबाई मान वर न करता म्हणाल्या. "इमारतींचं हवं असेल तर 'जीर्णोद्धार' बघा. धर्माच्या खणात."

तिथे खरंच हौद सापडले. तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्यकर्म, म्हणून त्यांची कार्डं देवळांच्या कार्डांशेजारी जाऊन बसली होती. पुस्तकांची पानं मात्र हात लावताच तुटत होती. मी झेरॉक्सचं विचारलं.

"मिळणार नाही. हात आहेत ना?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी खिशातलं पेन काढलं. संध्याकाळपर्यंत ते उतरवून घेत होते, हौदांच्या आकृत्यांसकट. परतताना बसमध्ये, हौदातलं जादा पाणी कुठून बाहेर काढत, तेच मला समजावत होते.

घरी आल्यावर पाय धुतले आणि आईला म्हणाले, "उद्या डबा लागेल. तिथे खायची सोय नाही."

"भाजी कसली देऊ?" आईने विचारलं आणि डबा खाली काढला. तो स्वच्छच होता, तरी ती आमच्याकडे पाठ करून बराच वेळ घासत राहिली.