दत्तोपंतांची बकी

धंतोलीत डॉक्टर गोपाळरावांच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र आलं ते सन अडतीसच्या उन्हाळ्यात, आणि तेव्हापासून कंपाउंडर दत्तोपंतांचे पाय काही जमिनीला लागेनात. यंत्र शिकायला डॉक्टरांनी त्यांना कलकत्त्याला धाडलं होतं. परत आले ते बकीचं वेड घेऊनच. भाजीवाली भेटो की वकील भेटो, पंत बकीवर घसरलेच म्हणून समजा! त्यांच्या बायको प्रमोदिनीबाई तर म्हणत, सवत आणली असती तरी तिचं इतकं कौतुक ऐकावं लागलं नसतं.

पण बकी म्हणजे काय, हे पंत सांगत ते मात्र झकास. एक्स-रेचे किरण मांसल भागात शिरले की इकडेतिकडे उधळतात आणि फोटोवर धुकं धरतं. हाताच्या बोटांना ते चालून जातं. कंबर, खुबा म्हटलं की सगळा राडा. म्हणून टेबलाखाली, फिल्मच्या वर, शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी बसवायची. सरळ आलेला किरण पट्ट्यांमधून पार, तिरका आला की अडला. ही युक्ती बकी नावाच्या जर्मन डॉक्टरची, म्हणून जाळीच्या खणालाही बकीच म्हणायचं. मग त्या पट्ट्यांच्याच रेघा फोटोत नाही का येणार? इथं पंत थांबून सुपारी कातरत, आणि सांगत की पॉटर नावाच्या अमेरिकनानं फोटो निघता निघता ती जाळीच सरकवली. टांगा भरधाव असला की कुंपणाच्या पट्ट्या दिसेनाशा होतात आणि मागची बाग दिसते ना, तसंच.

दसऱ्याला पंतांनी यंत्राची यथासांग पूजा केली. आपलं हत्यार पुजायचं तर वरवर कशाला? बकीचा खण बाहेर ओढून त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी फुलं काढली, खण पुसला आणि आत लोटला.

त्याच दिवशी पारशिवनीकडचे शेतकरी नत्थूजी बैलगाडीत बाज टाकून लेकीला घेऊन आले. शामला चांगली दणकट, वयात आलेली पोर. पोळ्याच्या सुमारास गोठ्याच्या माळ्यावरून पडली, तेव्हापासून तिला पाय टेकवेना. त्यात ताप. गावच्या वैदूनं तेल चोळून चोळून हात टेकले होते. डॉक्टरांना धास्ती होती की खुब्याचं हाड सडलंय; तसं असलं तर वर्षानुवर्षं प्लास्टरमध्ये पडून राहायचं. नुसतं निखळलं असेल तर बसवता येईल, पण आताच. आणखी महिना गेला की पोर जन्माची लंगडी. फोटोशिवाय सांगणार कसं?

पंतांनी शामलाला टेबलावर निजवलं आणि नत्थूजींना बकीचं पुराण ऐकवता ऐकवताच बटण दाबलं. फिल्म धुऊन उजेडासमोर धरली, तर खुब्यावर नुसत्या रेघाच रेघा. दुसरी काढली, तेव्हाही तोंडाचा पट्टा चालूच. पुन्हा रेघा. डॉक्टर म्हणाले, जाळी सरकतच नाही, बकी बिघडली. कंपनीचा माणूस कलकत्त्याहून यायला महिना तरी लागेल.

"पोरीले घरी नेतो मी," नत्थूजी म्हणाले. "काहून ठेवू इथं? तुमच्या यंत्राले काही दिसूनच नाही राहिलं."

पंतांना ते चांगलंच झोंबलं. बकीचा असा अपमान! पण तेवढ्यात शामलाकडे लक्ष गेलं. ती भिंतीकडे तोंड करून मुकाट्यानं रडत होती. पंतांना आपलीच लाज वाटली. नत्थूजींना हात जोडून त्यांनी बैल जुंपेपर्यंतचा वेळ मागून घेतला.

यंत्र बंद ठेवून त्यांनी नुसती जाळीची स्प्रिंग ताणली, तोंड गच्च मिटलं आणि स्प्रिंग सोडली. एरवी जाळी सर्रकन धावायची. आज कच्च करून जागीच अडली. तो सर्र आवाज फोटोच्या दोन्ही वेळा आलाच नव्हता, आणि बडबडीत पंतांना पत्ता नव्हता!

डॉक्टर कोट काढून शेजारी बसले. दोघांनी मिळून जाळी सोडवली, तर तिच्या रुळात कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे घट्ट रुतलेले.

"माझंच पाप," पंत म्हणाले. "पूजा करायला गेलो आणि देवाचेच पाय बांधले."

डॉक्टर हसतच सुटले. त्यांनीही दसऱ्याला तिथंच मूठभर अक्षता वाहिल्या होत्या!

रूळ पुसून झाला, जाळी बसली, शामला पुन्हा टेबलावर आली. पंतांनी श्वास रोखून बटण दाबलं. सर्र! फिल्म ओलीच घेऊन ते धावत आले. खुब्याची खोबण, हाडाचा गोळा, सगळं कसं लख्ख.

"हाड ठणठणीत आहे, नत्थूजी," डॉक्टर म्हणाले. "नुसतं जागचं सरकलंय. उद्या बसवतो."

नत्थूजींनी बाहेर जाऊन बैल सोडले. पंतांना तर नाचावंसं वाटत होतं.

ताप मलेरियाचा निघाला, तो कोयनेलनं गेला. भूल देऊन खुबा बसवला, मग पायाला वजन टांगून शामलाची दिवाळी दवाखान्यातच झाली. थंडी चांगली पडल्यावर नत्थूजी तिला न्यायला आले. गाडीत बाज टाकलेलीच होती. शामला कुबडीशिवाय फाटकापर्यंत चालत आली आणि ती बाज पाहून खुदकन हसली.

"बाबा, त्या बाजेवर तुम्ही बसा जी. बैल मी हाकते."

नत्थूजी नको नको म्हणेपर्यंत, त्याच पायावर सगळा भार देऊन ती गाडीवर चढली आणि तिनं कासरा हातात घेतला.