बघूवाल्यांचे अध्यक्ष

आमच्या ह्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणतात. माइक-भोंगे भाड्याने देण्याचं दुकान आहे म्हणून नव्हे, तोंडातून शब्द निघत नाही म्हणून. मला बघायला आले तेव्हा सगळं सासरेच बोलले. मला वाटलं, मुलगा मुका आहे की काय, पण दिसायला बरा आहे, चालेल.

इथे पक्ष दोनच. खरी नावं लांबलचक आहेत, आम्ही एकाला ‘मोडू नका’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘मोडून टाका’. एकाला आजोबांनी ठेवलेली खुर्ची जागची हलवायची नाही, दुसऱ्याला खुर्चीसकट खोलीच पाडायची आहे. माझे थोरले दीर ‘मोडू नका’त, माझा सख्खा दादा ‘मोडून टाका’त. सभेला दोघंही माइक आमच्याकडूनच नेत आणि चहालाही येत, फक्त एकमेकांची वेळ टाळून.

ह्यांची एक खोड होती. वक्ता तापला, समोरचे बाह्या सरसावायला लागले, की ह्यांचा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जायचा. आवाज हळूहळू खाली. वक्ता घसा फोडतोय आणि मागच्या रांगांना नुसती कुजबुज. लोक कंटाळून घरी जायचे. ह्यांच्या माइकवर झालेल्या सभेत कधी कुणाचं डोकं फुटलं नाही. ही गोष्ट इथल्या रिटायर्ड हेडमास्तरांच्या लक्षात आली आणि तिथेच आमचे ग्रह फिरले.

हेडमास्तर मूळचे ‘मोडू नका’चे, पण रोजच्या दगडफेकीला विटलेले. तशीच ‘मोडून टाका’ला विटलेली आमची दाताची डॉक्टरीण. दोघांनी मिळून मधला पक्ष काढायचं ठरवलं. चार माणसं त्यांनी आणली, चार हिने. अध्यक्ष कोण? ज्याने आजवर कुणालाच दुखावलं नाही तो. हे नको नको म्हणत होते, पण मनातल्या मनात. ते कुणाला ऐकू जाणार?

पहिल्या बैठकीत हे एकच वाक्य बोलले. म्हणाले, “आपल्यातला एक जरी नाही म्हणाला, तरी ती गोष्ट करायची नाही.” काय टाळ्या पडल्या! डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. तोच पक्षाचा पहिला नियम झाला, आणि खरं सांगायचं तर शेवटचाही. त्यानंतर कशावर एकमत झालंय? झेंड्याच्या रंगावरून इतकं भिजत घोंगडं पडलं की शेवटी न रंगवलेलं कोरं कापडच काठीला बांधलं. कुणी काही विचारलं की उत्तर एकच, बघू. लोकांनी नावच ठेवलं, बघूवाले.

बैठका आमच्याच दुकानात. का, तर दुकान बरोबर मधल्या चौकात आणि खुर्च्या आयत्या. माइक एकच. ज्याच्या हातात माइक त्यानेच बोलायचं, ओरडला तर हे बटण खाली करणार. माझ्या दुकानात बसायला मलाच जागा नाही, मी पडद्यामागे चहा गाळत उभी.

आणि धंदा? धंद्याने मान टाकली. ‘मोडू नका’वाले म्हणतात हा ‘मोडून टाका’चा छुपा माणूस, ‘मोडून टाका’वाले म्हणतात ‘मोडू नका’चा. एका सकाळी मी शटर उघडायला गेले तर एका बाजूला ‘गद्दार’ आणि दुसऱ्या बाजूलाही ‘गद्दार’. दोघांचं एवढ्या एका शब्दावर मात्र एकमत. सभा दुसऱ्याकडे गेल्या, मागोमाग लग्नंही गेली. दादा म्हणाला, दाजी विकले गेले. थोरल्या भावजींनी तर ह्यांना बघून रस्ता बदलला. ज्या भावाने ह्यांना सायकल शिकवली, त्या भावाने. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

हळूहळू हे बाहेर पडायचेच बंद झाले. वरच्या रस्त्याने गेलं तर ‘मोडू नका’वाले जाब विचारतात, खालच्या रस्त्याने गेलं तर ‘मोडून टाका’वाले. दुपारभर दुकानात बसून वायर गुंडाळायची, अंगठ्यापासून कोपरापर्यंत, नीट वेटोळं करायचं. मग ते सोडायचं आणि पुन्हा गुंडाळायची. कुठे गेलेलीच नाही ती वायर! मला बघवेना. राजीनामा द्या म्हटलं. तर म्हणाले, विचारलं होतं. हेडमास्तर म्हणतात, तुम्ही गेलात तर बाई पक्ष ताब्यात घेईल. बाई म्हणते, मास्तर घेतील. एक जरी नाही म्हणाला तर सुटका नाही, स्वतःचाच नियम. मग वायरकडे बघतच म्हणाले, “तू सोडव मला यातून.”

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मीठसुद्धा कधी मागितलं नाही हो, अळणी असलं तरी तसंच खातात.

मी पदर खोचला. हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, बाई तयार असेल तर माझी हरकत नाही. बाईकडे गेले. ती एकाच्या दाढेत आरसा घालून बसली होती, म्हणाली, मास्तर आधी हो म्हणू देत. आधी तू की आधी मी, यातच ह्यांची तिरडी निघायची! मी परत फिरले आणि मास्तरांना सांगितलं, बाई तयार आहे. बाईला सांगितलं, मास्तर तयार आहेत. धडधडीत खोटं, आणि जराही जीभ अडखळली नाही. बाकीचे या दोघांच्या मागचे, ते झाले तयार.

बैठक भरली. हेडमास्तरांनी माइक घेतला आणि अध्यक्षांना मोकळं करावं असा ठराव मांडला. म्हणाले, ज्यांची संमती त्यांनी हात वर करा, अध्यक्षांसकट, कारण नियम सर्वांना सारखा. मी पडदा बाजूला सारला. एक हात, दुसरा, मास्तरांचा, बाईचा. दहाही हात वर. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर दुकानाचं शटर पहिल्यांदा उघडलं होतं ना, तेव्हासारखा चेहरा झाला होता. हात मांडीवरून उचलला.

तेवढ्यात मास्तर सहज म्हणाले, बाईंनी आधी होकार दिला म्हणून मी दिला. बाई म्हणाली, छे, आधी तुम्ही दिलात. मी? तुम्हीच! म्हणजे मी खोटं बोलतेय का? खुर्च्या सरकल्या. एकाने मास्तरांच्या हातातला माइक ओढला, भोंग्यातून कर्र आवाज आला, आणि कुणीतरी कुणाच्या तरी कॉलरला हात घातला. उरलेले आपला एक हात वर धरूनच भांडत होते.

ह्यांचा हात हवेत होता. मी मनात म्हणत होते, वर, अजून थोडा वर. आणि तो हात वळला, बटणाकडे गेला आणि हळूहळू आवाज खाली करायला लागला.

दुकान शांत झालं. सगळे पुन्हा हात वर करून जागेवर बसले. मास्तरांनी चष्मा नीट केला, हात मोजले आणि म्हणाले, “एक हात कमी आहे. ठराव नापास. अध्यक्ष कायम.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईनेसुद्धा.

सगळे गेल्यावर मी कपबश्या उचलत होते. बोलायला लागले असते तर थांबले नसते, म्हणून त्याच विसळायला घेतल्या. तेच माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“अगं,” ते म्हणाले, “भांडत होते ना.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा वायर घेऊन बसले. मी समोर बसले आणि वायरचं दुसरं टोक धरलं.